साडेपाच मीटरचं तळं

महालिंगप्पा पूजा आटोपून, कपाळावरचं भस्म नीट वाळायच्या आत आपल्या खोलीत आले आणि उंबऱ्यातच थबकले. त्यांच्या ड्रॉइंग बोर्डावर लॅपटॉप ठेवलेला होता. नुसता ठेवलेला नव्हता; उघडा होता, चालू होता आणि त्याची वायर टी-स्क्वेअरच्या पट्टीला वेटोळं घालून खाली सॉकेटात शिरली होती.

"कस्तुरा!" ते ओरडले. "हे डबडं कुणी ठेवलं हितं?"

"नंदिनीनं ठेवलं आसंल," स्वयंपाकघरातून कस्तुराबाई म्हणाल्या. "तिच्या खोलीत नेट येत न्हाय म्हणं. काय खातंय का ते तुमच्या फळीला?"

फळी! महालिंगप्पांच्या मस्तकात तिडीक गेली. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं त्यांनी आरेखकाची नोकरी केली होती आणि याच फळीवर कालव्यांचे, सांडव्यांचे, पाझर तलावांचे शेकडो नकाशे काढले होते. नवा साहेब आला की त्यांची शीट उजेडाकडे धरून विचारायचा, "छापलंय का हो हे?" चौतीस वर्षांत कागदावर एक डाग पडू दिला नव्हता त्यांनी. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं शाल-श्रीफळाबरोबर हा बोर्डही देऊन टाकला. आता ऑफिसात तो कुणालाच नको होता, हे दुःख त्यांनी त्या शालीत गुंडाळून घरी आणलं होतं.

राजनंदिनी, म्हणजे त्यांची सून, केस पुसत धावत आली. "सॉरी अप्पा, उचलते. कॉलनीच्या बागेचं एवढंच चित्र रेंडर होऊ द्या."

"कॉलनीच्या बागेचं?" महालिंगप्पांचा आवाज एकदम खाली आला. त्यांचा आवाज खाली आला की घरातली माणसं सावध व्हायची. "ते काम तर रणधीररावानं मला दिलंय."

"मलाही दिलंय," राजनंदिनी चाचरत म्हणाली. "तुम्हाला सांगतो म्हणाले होते ते."

रणधीररावांनी काही सांगितलं नव्हतं. रणधीरराव कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष होते आणि कुणाचंही मन मोडायचं नाही या त्यांच्या स्वभावामुळं धाराशिवच्या त्या कॉलनीत निम्म्याहून अधिक भांडणं लागलेली होती. कॉलनीच्या मधोमध एक मोकळा प्लॉट होता. कडेचे जुने लिंब सोडले तर वीस वर्षं तिथं वेड्या बाभळी, फुटक्या कुंड्या आणि शेजारपाजारचा राडारोडा एवढंच उगवत आलं होतं. आता तिथं बाग करायचं ठरलं, तेव्हा रणधीररावांनी सकाळी महालिंगप्पांना म्हटलं, "अप्पा, तुमच्या हातासारखा हात न्हाय," आणि संध्याकाळी राजनंदिनीला म्हटलं, "ताई, आता जमाना सॉफ्टवेअरचा हाय." दोन्ही वाक्यं त्यांनी अगदी मनापासून म्हटली होती.

राजनंदिनी फळबागशास्त्र शिकलेली होती. बंगल्यांच्या बागा आखून द्यायची कामं ती घरूनच करायची. तिचा नवरा नोकरीसाठी रोज सोलापूरला जाऊन-येऊन करायचा, त्यामुळं तो घरातल्या कुठल्याच भांडणात सापडत नसे.

"ठीक हाय," महालिंगप्पा म्हणाले. "रविवारी मिटिंगमधे होऊन जाऊ दे. माणूस मोठा का बटन मोठं, ते कळंल समद्यांना."

तीन आठवडे ते त्या प्लॉटवर टेप घेऊन फिरले होते. प्रत्येक लिंबाचं खोड त्यांनी मोजलं होतं, कुठं उतार आहे, कुठं खोलगट आहे, कुठल्या भिंतीची सावली दुपारी कुठवर येते, सगळं पेन्सिलनं कच्च्या शीटवर उतरवलं होतं आणि मग त्यावरून ट्रेसिंग पेपरवर शाईनं पक्का नकाशा केला होता. त्यात लिंबाच्या पानाला लिंबाचा आकार होता आणि चिंचेच्या पानाला चिंचेचा. असा नकाशा कुणी नाकारील, हे त्यांच्या डोक्यातही येत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात मिटिंग भरली. आधी अप्पांची पाळी होती. त्यांनी ट्रेसिंग पेपरची गुंडाळी सोडली आणि वरच्या पंख्यानं तो पुन्हा गुंडाळला. पंखा बंद केला तर लोक घामानं चुळबुळायला लागले. शेवटी चार जणांनी चार कोपरे धरले, त्यामुळं त्या चौघांशिवाय कुणालाच धड काही दिसेना. "वा वा," मागून कुणीतरी म्हणालं, "लई बारीक काम हाय," आणि मोबाइलमध्ये पाहायला लागलं.

मग राजनंदिनीनं भिंतीवर पांढरी चादर लावून प्रोजेक्टर सुरू केला. बाग हलायला लागली. कॅमेरा फाटकातून आत शिरला, पायवाटेनं चालत गेला, झाडांची पानं सळसळली आणि एक सोनेरी केसांची बाई कुत्र्याला घेऊन समोरून चालत आली. सभामंडपातले मोबाइल खिशात गेले.

"ही बाई कोण?" महालिंगप्पांनी विचारलं. "कॉलनीत कितव्या गल्लीत राहती?"

"अप्पा, झाडं किती उंच ते कळावं म्हणून माणूस ठेवतात," राजनंदिनी म्हणाली.

"आन ही लाल पानाची झाडं? धाराशिवात कुठं हायती ही?"

"लिंब सॉफ्टवेअरमधे नव्हता. त्यातल्या त्यात तसं दिसणारं घेतलं. लावताना लिंबच लावायचाय."

"चित्रात एक आन लावायचं एक! ह्याला नकाशा म्हणत्यात?"

पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. कारण कॅमेरा बागेच्या मध्याशी आला होता आणि तिथं एक गोल, निळंशार तळं होतं. तळ्याला चार पायऱ्या होत्या. तळ्याच्या अंगाला चंद्रकोरीसारखा बसायचा कट्टा होता. तळ्यात ढग दिसत होते.

"आहाहा!" रणधीरराव उभेच राहिले. "हे तळं म्हणजे एक नंबर! आन तो कट्टा!"

महालिंगप्पाही उभे राहिले. "तळं? आपल्या कॉलनीत आठ-आठ दिवस नळाला पाणी येत न्हाय, लोक कळश्या घेऊन टँकरमागं पळत्यात, आन तुमी तळं बांधाय निघाला? ही कुणाची अक्कल?"

राजनंदिनीनं मान खाली घातली. "अप्पा, ती तुमचीच कल्पना आहे. मी मोजमापं तुमच्या कच्च्या शीटवरूनच घेतली. फोटो काढला आणि त्यावर रेषा ओढल्या. तुमच्याइतकं नेमकं माप दुसरीकडं मिळालं नसतं. त्यात तळं होतं, कट्टा होता. पक्क्या नकाशात तुम्ही ते का काढून टाकलं, मला कळलं नाही. मला लई आवडलं होतं, म्हणून ठेवलं."

"म्या तळं काढलेलं न्हाय!" महालिंगप्पा गरजले. "कच्च्यात न्हाय आन पक्क्यात न्हाय! थांबा समदे. आत्ता शीट आणून दाखवतो. खरं-खोटं होऊन जाऊ द्या!"

ते तरातरा घरी आले. कपाटामागून कच्ची शीट ओढली, बोर्डावर पसरली, दिवा लावला आणि पाहतच राहिले.

शीटच्या मध्यावर एक वर्तुळ होतं. तपकिरी, ठसठशीत, कंपासनं काढावं तसं गोल. त्याला चिकटून आणखी एक अर्धवट कमान होती. बाजूला एक ठिपकाही होता. मघाशी चादरीवर त्या जागी एक शोभेचा दगड आपण पाहिला, हे त्यांना आठवलं.

त्यांनी शीट नाकाशी नेली. चहा.

कपाची बुडाची कड साडेपाच सेंटिमीटर. नकाशाचं स्केल एकास शंभर. म्हणजे जमिनीवर साडेपाच मीटर. कप एकदा ठेवला ते तळं. उचलून पुन्हा जरा तिरका ठेवला तो कट्टा.

"कस्तुरा," ते पुटपुटत स्वयंपाकघरात गेले. "ह्या कागदावर कप कुणी ठेवला?"

"तुमीच. पक्क्यावर शाईचा शेवटचा हात फिरवत व्हताव, तवा म्या तर हातात दिला व्हता," कस्तुराबाई भाकरी थापत म्हणाल्या. "बशी देऊ का म्हणलं, तर म्हणालाव, बशीचं कौतुक ऱ्हाऊ दे, माझा वेळ मोडू नगं."

देवळात लोक वाट पाहत होते. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. महालिंगप्पा काही परत गेले नाहीत. रणधीररावांनी शेवटी जाहीर केलं की, अप्पांचं मौन म्हणजे संमती, आणि तळ्यासकट नकाशा टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला.

पुढचे आठ दिवस महालिंगप्पांनी अन्न नीट खाल्लं नाही. खरं सांगून टाकावं तर चौतीस वर्षांच्या स्वच्छ शीटांवर एका चहानं पाणी पडत होतं. गप्प बसावं तर आठ दिवसाला पाणी मिळणाऱ्या माणसांच्या दारात तळं होत होतं. त्यांनी मधला मार्ग काढला आणि समितीला पत्र लिहिलं. त्यात डास, पाणीटंचाई, लहान पोरं पडायची भीती असे सात मुद्दे होते. आठवा, म्हणजे खरा मुद्दा, नव्हता.

रणधीररावांनी ते पत्र ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "स्वतःच्याच कल्पनेवर एवढी कठोर टीका! असा मोठेपणा आता दुर्मीळ." त्यावर त्रेसष्ट अंगठे आले.

मग त्यांनी सुनेला गाठलं. "नंदिनी, ते वर्तुळ चुकून आलंय. तू काढून टाक."

"चुकून कसं अप्पा?" राजनंदिनी हसली. "मी सॉफ्टवेअरमधे तपासलं. जवळजवळ परफेक्ट सर्कल आहे. हातानं इतकं गोल तुम्हालाच जमतं."

महालिंगप्पांना क्षणभर बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचाच इतका राग आला की ते चपला न घालताच बाहेर पडले.

सोमवारी शब्बीरभाई जेसीबी घेऊन आले. शब्बीरभाईंची तेरच्या रस्त्याला रोपवाटिका होती आणि बागेचं खोदाईपासून लागवडीपर्यंतचं काम त्यांना दिलेलं होतं. त्यांनी पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर साडेपाच मीटरचं वर्तुळ आखलं. महालिंगप्पा त्या वर्तुळात जाऊन उभे राहिले.

"शब्बीरभाई, हे खोदू नका. चूक हाय."

"चूक कैसी अप्पा? कागदपे हाय," शब्बीरभाईंनी प्रिंट दाखवली. "सही हाय, शिक्का हाय. आन लोकां तो म्हणतेत, तुमचीच डिझाईन हाय."

"माझी न्हाय!"

"बरं, न्हाय तुमची," शब्बीरभाई समजुतीनं म्हणाले. "जरा बाजूला व्हा मग. मशीन तासावर हाय."

दोन तास खड्डा खोदला गेला. कडेचा भाग मुरमाड लागला, पण मधली माती भुसभुशीत होती, विटांचे तुकडे आणि राख निघत होती. चार फुटांवर जेसीबीच्या बकेटचा 'खण्' असा आवाज आला. शब्बीरभाईंनी मशीन थांबवलं, स्वतः खाली उतरले आणि हातानं माती सारली. घडीव दगड होता. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा, जरासा वळलेला. तासाभरात दगडांचं एक पूर्ण कडं मोकळं झालं.

"आड हाय!" शब्बीरभाई खड्ड्यातूनच ओरडले. "बांधीव आड हाय, या अल्ला! बुजीवलेला!"

कॉलनी लोटली. ही जमीन कॉलनी व्हायच्या आधी कुणाचा तरी मळा होती आणि त्या मळ्यातला आड प्लॉट पाडताना राडारोडा टाकून बुजवला असणार, असा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. पण पहिल्या दिवशी उलगडा वेगळाच झाला. लोकांनी खड्ड्यात पाहिलं, मग महालिंगप्पांकडं पाहिलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "अप्पाला ठावं व्हतं."

चार दिवस गाळ उपसला. पंचवीस फुटांवर ओल लागली, अठ्ठावीस फुटांवर कमरेइतकं पाणी जमलं. बायकांनी आडाला हळदकुंकू वाहिलं, आणि त्याच ताटातलं उरलेलं थोडं कुणी महालिंगप्पांच्या उंबऱ्यावरही टाकून गेलं.

रणधीररावांनी बागेतच सभा बोलावली. तळ्याचा विचार आता मागं पडला होता. आडाला कठडा करायचा, त्याच्या पाण्यावर बाग जगवायची आणि चंद्रकोरीचा कट्टा तेवढा तसाच ठेवायचा, असं ठरलं. फाटकापाशी एक पत्र्याचा फलक रंगवून ठेवलेला होता. त्यावर लिहिलं होतं: 'उद्यानाचे आरेखन: श्री. महालिंगप्पा.'

"शेवटी हात तो हात," रणधीरराव भाषणात म्हणाले. "कॉम्प्युटरला जमिनीखालचं काय कळतंय? बटन दाबलं की चित्र! पण ज्याच्या हातात विद्या हाय..."

महालिंगप्पांनी पाहिलं, राजनंदिनी मागं लिंबाखाली उभी होती. हसत होती, टाळ्याही वाजवत होती, पण लॅपटॉपची बॅग तिनं पोटाशी घट्ट धरली होती. निवृत्तीच्या दिवशी बोर्ड रिक्षात चढवताना आपण तो असाच धरला होता, असं त्यांना वाटून गेलं, आणि इतके दिवस आत खदखदणारं सगळं एकदम उतू गेलं.

"बटन?" ते ताडकन उठले. "रणधीरराव, या हिकडं! घ्या तो लॅपटॉप, दाबा बटन, आन काढा एक बाग! म्या बी बघतो कशी निघती ती! पोरगी आठ दिवस पहाटंपासून बसली व्हती. एकेक पायरी मोजली तिनं, एकेक झाडाची सावली बसीवली. पाटी कुणाच्या नावाची लावता?"

"अप्पा, पण आड तर तुमच्या नकाशात..."

"आड न्हाय तो! चहा हाय!" त्यांनी पिशवीतून कच्ची शीट काढली आणि सगळ्यांसमोर फडकावली. "हे बघा! कपाचा डाग हाय हा. माझा डाग. चौतीस वर्षांत पहिला. कप ठिवला ते तळं, परत ठिवला तो कट्टा. बास!"

लोक पुढं येऊन शीट पाहू लागले. शब्बीरभाईंनी डागावर बोट फिरवलं आणि ते बोट हळूच कपाळाला लावलं.

रणधीररावांचे डोळे भरून आले. "अप्पा," ते म्हणाले, "सुनेचं नाव व्हावं म्हणून एवढं खोटं बोलणारा सासरा म्या आजवर बघितला न्हाय."

टाळ्या मघापेक्षा मोठ्या पडल्या. महालिंगप्पा "खरं हाय, खरं हाय" म्हणून ओरडत होते, ते त्या टाळ्यांत विरून गेलं.

ज्या एकाच माणसाला ते पटलं, ती त्यांच्या पुढं झपाझप चालत घरी आली. दार लावून घेऊन राजनंदिनी फिरली. "म्हणजे आठ दिवस मी चहाच्या डागाला पायऱ्या काढत बसले होते?"

"व्हय."

"आणि तुम्हाला कळल्यावरही सांगितलं नाही?"

"न्हाय," महालिंगप्पा म्हणाले. "लाज वाटली."

हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. ती खुर्चीवर बसली. शीट पुढं ओढून तिनं विचारलं, "अप्पा, कप तिथंच का ठेवला?"

"तेवढीच जागा मोकळी व्हती शीटवर."

"का मोकळी होती? बाकी सगळीकडं झाडं आहेत."

"तिथं जमीन वीतभर खचलीय. पाणी साचून झाडाची मुळं कुजली आसती. म्हणून सोडली."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. खचलेली जमीन, बुजवलेला आड. टेपनं मोजलेली, साधी, सरळ गोष्ट.

"हे सांगू या की लोकांना," राजनंदिनी म्हणाली.

"चहाचं पटलं न्हाय त्यांना," महालिंगप्पा म्हणाले, "हे कुठलं पटतंय?"

फलकाचं काम तेवढं त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी ब्रश आणि रंग घेऊन ते फाटकाशी बसले, आपलं नाव पुसलं आणि त्या जागी सुनेचं पूर्ण नाव इतक्या रेखीव अक्षरात लिहिलं की येणारा-जाणारा विचारू लागला, "छापलंय का हो हे?" त्याखाली बारीक अक्षरात 'मोजणी: महालिंगप्पा' एवढं लिहिलं. सॉफ्टवेअरमध्ये लिंब नाही ही तक्रार मात्र त्यांनी सोडली नाही. राजनंदिनीनं त्यांच्याकडून लिंबाचं एक झाड काढून घेतलं आणि लॅपटॉपात बसवलं. ती सोनेरी केसांची बाई आता त्याच्या सावलीतून चालत जायची.

पण बातमी तोवर कॉलनीच्या बाहेर गेली होती. महिनाभरात ईट गावाहून उत्तरेश्वर नावाचे शेतकरी जीप घेऊन दारात आले. साठीचे, पांढऱ्या टोपीचे, अतिशय अदबशीर. म्हणाले, "अप्पा, रानात इहीर घ्यायचीय. जागा दावा."

"म्या पाणाड्या न्हाय!" महालिंगप्पा कडाडले. "आरेखक हाय. पाण्याचं बघायचं तर भूजलवाल्यांकडं जावा, यंत्र लावा. बागेचा आराखडा पाहिजे आसंल तर बोला."

"मग आराखडा काढा," उत्तरेश्वर लगेच म्हणाले. "सीताफळ लावायचंच हाय."

त्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. सासरा आणि सून दोघंही जीपमध्ये बसले. ईटच्या त्या रानात टेपचं एक टोक अप्पांनी धरलं, दुसरं राजनंदिनीनं, आणि उत्तरेश्वर हातात पिशवी घेऊन दहा पावलं मागून चालू लागले.

"दोन झाडांत पाच मीटर ठेवू," राजनंदिनी म्हणाली.

"फुटात बोल."

"सॉफ्टवेअर मीटरमधे आहे अप्पा."

"रान फुटात हाय! सोळा फूट बास झालं."

"सोळा म्हणजे पाचच झाले की!"

"मग पाच कशाला म्हणतीस?"

वाद बांधापासून सुरू झाला तो रानाच्या मध्यापर्यंत आला. अप्पा थांबले की उत्तरेश्वर थांबत. अप्पा वळले की उत्तरेश्वर जमिनीकडं निरखून पाहत. शेवटी महालिंगप्पांच्या ते लक्षात आलं आणि त्यांचा संयम सुटला.

"अहो, काय बघताव सारखं माझ्या पायाकडं?" ते किंचाळले. "हजार डाव सांगितलं, मला पाण्यातलं कायबी कळत न्हाय! म्या पाणाड्या न्हाय, न्हाय, न्हाय!" आणि शेवटच्या 'न्हाय'ला त्यांनी पाय असा आपटला की ढेकूळ फुटून धूळ उडाली.

उत्तरेश्वरांनी चपला काढल्या. टोपी सारखी केली. पिशवीतून नारळ बाहेर काढला आणि दोन पावलं पुढं येऊन खाली बसले.

"अप्पा," ते अदबीनं म्हणाले, "जरा पाय बाजूला घ्या."